डीएनए, जात आणि धम्म : डॉ. कुमारसामी थंगराज यांचे संशोधन आपल्याला काय सांगते?

एप्रिल महिना आला, जयंतीची वर्गणी सुरू झाली, की आपल्या मोबाइलवरच्या ग्रुपांवर एक जुना संदेश हमखास फिरू लागतो. ‘अमेरिकेतील विद्यापीठाने सिद्ध केले, ब्राह्मणांचा डीएनए परदेशी, आपला डीएनए मूळनिवासी.’ त्याच दिवसांत दुसऱ्या बाजूचा संदेशही येतो. ‘सर्व भारतीयांचा डीएनए एकच, जातिभेद इंग्रजांनी निर्माण केला.’ दोन्ही संदेश विज्ञानाचे नाव घेतात. दोन्ही संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी मूळ संशोधन वाचलेले फारच थोडे असतात.

इचलकरंजी आणि परिसरातील बौद्ध तरुणांमध्ये काम करताना आम्हाला हा प्रश्न वारंवार विचारला जातो : ‘खरे काय आहे?’ उत्तर द्यायचे तर ज्या शास्त्रज्ञांनी या विषयात आयुष्य घातले त्यांचे काम समजून घ्यावे लागेल. त्यातले एक महत्त्वाचे नाव म्हणजे हैदराबादचे डॉ. कुमारसामी थंगराज. भारतातील लोकांचे पूर्वज कोण, ते कुठून आले, कोण कोणात मिसळले आणि धर्म बदलला तेव्हा माणसे बदलली की फक्त श्रद्धा बदलली, या चारही प्रश्नांवर त्यांनी काम केले आहे.

हैदराबादची प्रयोगशाळा

थंगराज मूळचे तमिळनाडूचे. हैदराबादच्या सीसीएमबी या केंद्रीय संशोधन संस्थेत त्यांनी 1990 च्या दशकात डॉ. लालजी सिंग यांच्यासोबत काम सुरू केले. लालजी सिंग म्हणजे भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंगची पद्धत रुजवणारे शास्त्रज्ञ. या प्रयोगशाळेने देशभरातील शेकडो जाती-जमातींचे रक्तनमुने गोळा केले. पुढे थंगराज हैदराबादच्याच सीडीएफडी या डीएनए संशोधन संस्थेचे संचालकही झाले.

2005 मध्ये त्यांचा अंदमानातील ओंगी आणि ग्रेट अंदमानी लोकांवरील शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या आद्य मानवसमूहांशी नाते सांगणारे अतिप्राचीन मातृवंश या बेटांवर टिकून आहेत, असे त्यात दाखवले होते. 2009 मध्ये अमेरिकेतील डेव्हिड राइक यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये आलेला निबंध मात्र थेट जातीच्या प्रश्नाला भिडला. आपल्याला आज त्याच धाग्याने पुढे जायचे आहे.

डीएनए वाचतात कसा?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘डीएनए टेस्ट’ म्हटले की आपल्याला बापाचे नाव सांगणारी चाचणी आठवते. लोकसमूहांचा इतिहास शोधणारा शास्त्रज्ञ तीन वेगळ्या गोष्टी पाहतो.

पहिली, मायटोकाँड्रियाचा डीएनए. हा फक्त आईकडून मुलांना मिळतो, म्हणून तो आई, आजी, पणजी अशी एकच रांग दाखवतो. दुसरी, वाय गुणसूत्र. हे बापाकडून मुलाला मिळते, म्हणून ते बाप, आजोबा, पणजोबा अशी दुसरी रांग दाखवते. पण दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात 1024 जागा असतात. या दोन रांगा त्यातल्या फक्त दोघांविषयी बोलतात. उरलेल्या 1022 जणांचे काय? त्यासाठी तिसरी गोष्ट, म्हणजे संपूर्ण जीनोम पाहावा लागतो.

यातली वेळ मोजण्याची पद्धत इचलकरंजीकरांना सहज समजेल. लाल आणि पांढरे असे दोन तागे घ्या. त्यांच्या लांब पट्ट्या कापून एकमेकींना जोडा. मग ते कापड पुन्हा कापा, पुन्हा जोडा. प्रत्येक वेळी लाल-पांढरे तुकडे आखूड होत जातील. शेवटी चिंधी हातात घेऊन तिच्या लांबीवरून कात्री किती वेळा फिरली याचा अंदाज बांधता येतो. डीएनएचेही तसेच आहे. दोन समूह मिसळले की प्रत्येक पिढीत त्यांचे तुकडे आखूड होतात, आणि तुकड्यांच्या लांबीवरून ती मिसळण किती पिढ्यांपूर्वी झाली हे काढतात.

आधी मिसळले, मग भिंत उभी राहिली

2009 च्या निबंधात 25 समूहांतील 132 जणांचे नमुने होते. निष्कर्ष असा की आजचे बहुतेक भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत. संशोधकांनी त्यांना ‘पूर्वज उत्तर भारतीय’ आणि ‘पूर्वज दक्षिण भारतीय’ अशी नावे दिली. पहिल्या समूहाचा वाटा बहुतेक ठिकाणी 39 ते 71 टक्क्यांच्या दरम्यान निघाला. उच्च म्हणवणाऱ्या जातींत तो जास्त, इतरांत कमी. पण शुद्ध असे कोणीच नाही.

2013 मध्ये प्रिया मूरजानी, थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न घेतला : ही मिसळण कधी झाली? या वेळी 73 समूहांतील 571 जणांचे नमुने होते. उत्तर आले, सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी. त्या काळात मिसळण इतकी सर्वदूर होती की भिल्लांसारखे आदिवासी समूहही तिच्याबाहेर राहिले नाहीत. त्यानंतर मात्र ती थांबत गेली. जे लोक दोन हजार वर्षे एकमेकांत लग्ने करत होते, ते आपापल्या गटात बंद झाले.

कोलकात्याजवळील कल्याणी येथील संस्थेत काम करणारे डॉ. पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये स्वतंत्र अभ्यास केला. त्यांच्या मते उत्तर भारतातील उच्चवर्णीय समूहांत ही बंदी सुमारे 70 पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण गुप्तकाळात, घट्ट झाली. दोन्ही अभ्यासांतील काळ नेमका एकसारखा नाही, पण क्रम एकच आहे. आधी मिसळण, नंतर बेटीबंदी.

यावरून ‘जात इंग्रजांनी आणली’ हा दावा निकालात निघतो. इंग्रज येण्यापूर्वी कित्येक शतके ही भिंत उभी होती आणि तिची खूण आपल्या प्रत्येक पेशीत आहे. इंग्रजांनी जातींची शिरगणती केली, त्यांना सरकारी कागदावर पक्के केले, हे खरे. पण ज्या भिंती त्यांनी मोजल्या त्या आधीच बांधलेल्या होत्या.

1916 : बाबासाहेबांचा निबंध

आता तारीख पाहा. 9 मे 1916. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा डीएनएची रचना कुणालाच माहीत नव्हती. ती 1953 मध्ये उलगडली.

बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे होते. भारतातील लोक वांशिकदृष्ट्या मिश्र आहेत. म्हणून जातीचे मूळ वंशात शोधण्यात अर्थ नाही. जातीचे सार एकच, ते म्हणजे गटाबाहेर लग्न करण्याची बंदी. ही बंदी टिकवायची तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळवावी लागते, आणि त्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या. म्हणजे जातीची भिंत स्त्रीच्या देहावर उभी आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितले.

प्रयोगशाळेने 2013 मध्ये दिलेला क्रम बाबासाहेबांनी जवळजवळ शंभर वर्षे आधी समाजरचनेच्या अभ्यासातून मांडला होता. 1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्येही त्यांनी हेच सांगितले : वेगवेगळे वंश मिसळून गेल्यानंतर पुष्कळ काळाने जातिव्यवस्था आली. पंजाबचा ब्राह्मण वंशाने मद्रासच्या ब्राह्मणापेक्षा पंजाबच्या चांभाराला जवळचा आहे, असे उदाहरणही त्यांनी दिले.

त्या काळी वंश मोजायचे साधन नाक होते. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी मोजून जातीची उच्चनीचता ठरवू पाहत होते. 1948 च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात बाबासाहेबांनी डॉ. घुर्ये यांनी दिलेले नाकाच्या मोजमापाचे आकडे घेतले आणि ते उलटवून दाखवले. या आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड.

महाराष्ट्रात इरावती कर्वे यांचे कामही या रांगेत येते. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजून त्यांनी वंशश्रेष्ठतेचा दावा खरा ठरत नाही असे लिहिले. फिशर पुढे नाझींच्या वंशविचाराचा आधारस्तंभ झाला. पुण्यात 1968 मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत कर्वे यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच दर्जाच्या या जाती एकाच रक्ताच्या नाहीत, असे त्यातून दिसले. म्हणजे ‘ब्राह्मणांचा डीएनए’ असा एकसंध पदार्थ पुण्या-मुंबईतही सापडत नाही.

मग तो अमेरिकेचा अहवाल?

ज्या संशोधनाचा आपल्याकडे सर्वात जास्त प्रचार झाला ते युटा विद्यापीठाच्या मायकेल बामशाद यांचे. ते 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. ते खोटे नाही, पण ते काय सांगते हे नीट वाचले पाहिजे. त्यातील नमुने आंध्रच्या विशाखापट्टणम भागातील आठ तेलुगू भाषिक जातींच्या सुमारे अडीचशे पुरुषांचे होते. वरच्या जातींत, विशेषतः पितृवंशात, युरोपीय लोकांशी साम्य तुलनेने जास्त आढळले. ‘तुलनेने जास्त’ हे शब्द आपल्या संदेशांतून गळाले आणि तिथे ‘परदेशी’ हा शब्द आला.

2019 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात थंगराजही सहलेखक होते. स्टेप म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले लोक इ. स. पूर्व 2000 ते 1500 च्या सुमारास भारतात मिसळले, हे त्यातून स्पष्ट झाले. परंपरेने पौरोहित्य करणाऱ्या काही जातींत त्यांचा वाटा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी राखीगढी येथील सिंधू संस्कृतीच्या काळातील एका स्त्रीचा जीनोम प्रसिद्ध केला. तिच्यात हा स्टेपचा अंश नव्हता. म्हणजे ‘बाहेरून कुणी आलेच नाही’ हा दावाही टिकत नाही.

पण हा अंश फक्त ब्राह्मणांत थांबलेला नाही. कमी-अधिक प्रमाणात तो देशातील बहुतेक समाजांत पसरला आहे, आणि सिंधू संस्कृतीच्या लोकांचा वारसाही ब्राह्मणांसह सर्वांत आहे. फरक प्रमाणाचा आहे. प्रमाणाच्या फरकावरून एकाला यजमान आणि दुसऱ्याला पाहुणा ठरवता येत नाही. आणि समजा ठरवता आले असते, तरी चार हजार वर्षांपूर्वी कुणाचा पूर्वज कुठे होता यावरून आज कुणाला हक्क मिळावेत, हा विचार मनूचा आहे. संविधानाच्या कलम 15 मध्ये वंश आणि जन्मस्थान या आधारावर भेदभावाला बंदी आहे. ते कलम आपल्यासाठी जितके आहे तितकेच इतरांसाठी.

धर्म बदलला, रक्त नाही

थंगराज यांच्या कामाचा आणखी एक भाग आपल्या लोकांनी जरूर वाचावा, तो धार्मिक समूहांवरचा. भारतीय मुस्लिमांवरील 2009-10 च्या अभ्यासांत, ज्यांत ते सहभागी होते, असे दिसले की बहुतेक मुस्लिम समूह आनुवंशिकदृष्ट्या आपल्याच भागातील मुस्लिमेतर शेजाऱ्यांना जवळचे आहेत. पश्चिम आशियाचा अंश काही ठिकाणी सापडतो, पण थोडा. म्हणजे इस्लाम येथे मुख्यतः धर्मांतराने पसरला.

कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्रायली घ्या. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. 2016 मधील अभ्यासांत त्यांच्यात पश्चिम आशियातील ज्यू पूर्वजांचा अंश सापडला, आणि भारतीय पूर्वजांचा वाटाही मोठा निघाला. पारशी समाजावरील 2017 च्या अभ्यासात इराणशी नाते स्पष्ट दिसले. पण गुजरातमधील संजाण येथे उत्खननात मिळालेल्या जुन्या अस्थींत 48 टक्के मातृवंश भारतीय निघाले. सुरुवातीच्या काळात स्थानिक स्त्रिया या समाजात आल्या असाव्यात, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कुठे धर्मासोबत माणसे आली, कुठे फक्त विचार आला. डीएनए माणसांच्या हालचाली दाखवतो, विचारांच्या नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. मानवमुक्तीच्या इतिहासातील एवढी मोठी घटना कोणत्याही प्रयोगशाळेच्या यंत्रात दिसणार नाही. त्या सकाळी जे जीनोम होते तेच संध्याकाळी होते, पण माणूस बदलला होता.

नागवंशाचा मुद्दाही इथे येतो. नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नागलोकांनी बुद्धधम्म पसरवला असे सांगितले, ते इतिहासाची आठवण जागी करण्यासाठी. धम्मप्रवेशाची अट म्हणून नाही. बावीस प्रतिज्ञांत वंशाचा उल्लेख नाही, समतेचा आहे. ‘अस्पृश्य मूळचे कोण?’मध्ये अस्पृश्यतेचा उगम त्यांनी साधारण इ. स. 400 च्या सुमारास मानला आहे. मजुमदार यांचा 70 पिढ्यांचा काळही त्याच आसपास येतो. हे साम्य विचार करायला लावणारे आहे. पण एक अभ्यास बेटीबंदीचा आहे, दुसरा अस्पृश्यतेचा. ‘डीएनएने बाबासाहेबांचा सिद्धांत सिद्ध केला’ असा संदेश उद्या आला तर तो पुढे ढकलू नका. बाबासाहेबांना अशा उसन्या पुराव्याची गरज नाही.

तथागतांनी तर हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच निकाली काढला. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात जन्माचा गर्व करणाऱ्या ब्राह्मण ऋषींना प्रश्न विचारला जातो : तुमची आई, तिची आई, अशा सात पिढ्यांपर्यंतच्या माता केवळ ब्राह्मणांकडेच गेल्या हे तुम्हाला माहीत आहे काय? उत्तर येते, नाही. बापाकडच्या सात पिढ्यांचे विचारले जाते, उत्तर तेच. वासेट्ठ सुत्तात बुद्ध सांगतात की गवत, किडे, पक्षी यांच्या जाती जन्मखुणांनी वेगळ्या ओळखता येतात, माणसांत मात्र तशा खुणा नाहीत.

बेटीबंदीची किंमत

बेटीबंदीचा परिणाम फक्त मानसन्मानावर झाला नाही, आरोग्यावरही झाला. छोट्या गटात शेकडो वर्षे लग्ने होत राहिली की एखाद्या पूर्वजातील सदोष जनुक गटात पसरतो. आई आणि बाप दोघांकडून तोच जनुक आला की मूल आजारी पडते. आंध्रच्या वैश्य समाजात काही जणांच्या शरीरात एक विकर तयार होत नाही. शस्त्रक्रियेवेळी दिले जाणारे स्नायू शिथिल करणारे एक औषध अशा रुग्णाला प्राणघातक ठरू शकते. थंगराज आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या अभ्यासात 263 पैकी 81 समूहांत मूळ पूर्वजांची संख्या फार कमी असल्याचा परिणाम युरोपातील फिन आणि अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही तीव्र निघाला. त्यातील 14 समूहांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. म्हणजे समाज मोठा दिसला तरी त्याचे मूळ कुटुंब लहान असू शकते.

आपल्या समाजासाठी सिकलसेलचा प्रश्न वेगळा सांगायला हवा. विदर्भात हा आजार आदिवासींसोबत बौद्ध आणि इतर मागास समाजांतही मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याचे मूळ मलेरियाशी आहे. एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून तो जनुक टिकला. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. विदर्भातून कामासाठी पुण्या-मुंबईला किंवा आपल्या भागात आलेल्या कुटुंबांनी लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्यावी. डीएनएच्या ज्ञानाचा हा खरा उपयोग आहे, आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

भिंत आपल्या घरातही आहे

आता अवघड प्रश्न. धम्म स्वीकारून सत्तर वर्षे होत आली. आपल्या वधू-वर मेळाव्यात बायोडेटा वाचताना ‘बौद्ध’ या शब्दानंतर ‘पूर्वीची कोण? पोटजात कोणती?’ असे विचारले जाते की नाही? मातंग, चर्मकार किंवा ओबीसी समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबाचे स्थळ आले की घरातले वडीलधारे गप्प होतात की नाही? जातीचे सार बेटीबंदी आहे असे बाबासाहेबांनी सांगितले, प्रयोगशाळेने त्या बंदीचे वय मोजून दिले, आणि आपण मात्र परक्याच्या डीएनएची चर्चा करत तीच बंदी आपल्या घरात पाळायची, हे कसे चालेल?

आपला भाग तर या लढ्याचा साक्षीदार आहे. 21-22 मार्च 1920 ची माणगाव परिषद आमच्याच हातकणंगले तालुक्यात झाली. तिथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आणले. त्याच शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला, आणि आपल्या घराण्यातून मराठा-धनगर विवाहसंबंध जुळवून सुरुवात स्वतःपासून केली. इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला. तेव्हापासून कर्नाटक, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून माणसे येत राहिली. एकाच शेडमध्ये खटाखट चालणाऱ्या मागांवर दहा गावची माणसे शिफ्ट करतात, एका डब्यात जेवतात. रोटीबंदी कारखान्याने बरीचशी मोडली. बेटीबंदी कारखाना मोडणार नाही, ती आपल्यालाच मोडावी लागेल.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे. डीएनएचा कोणताही संदेश पुढे पाठवण्यापूर्वी नमुने किती जणांचे, कोणत्या भागातील आणि निष्कर्ष नेमका काय, हे विचारा. जयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस 1916 च्या निबंधाच्या सामूहिक वाचनाला द्या. आणि पुढच्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरून जात-पोटजातीचा रकाना काढून टाका. हवाच असेल तर तिथे सिकलसेल तपासणीचा रकाना घाला.

आपण कुणाचे वंशज आहोत हे शोधायला हरकत नाही. पण जात मोडायची असेल तर तिची सुरुवात आपल्या घरच्या लग्नाच्या बैठकीत करावी लागेल.

जयभीम! नमो बुद्धाय!